विचारा, पडताळा, नोंदवा



 रात्रपाळी संपवून थेट परिचारिकांच्या या अधिवेशनाला आलेल्या काही जणी समोर दिसताहेत. त्यांची झोप फार वेळ अडवणार नाही.

रुग्णसंवादाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी गोड बोलण्यावर येऊन थांबते. तक्रारपेटीत चार चिठ्ठ्या पडल्या की एक दिवसाचं शिबिर ठरतं, कुणी व्याख्याते येतात आणि हसतमुख राहायला सांगून जातात. हसण्याला माझा विरोध नाही. पण गोड बोलत बोलत चुकीचं औषधही देता येतं आणि करड्या आवाजाच्या सिस्टरनी जीव वाचवलेलेही आपण पाहिलेत. आपण ताप अंदाजाने लिहीत नाही, मोजून लिहितो. रुग्णाला काय हवंय, त्याला काय समजलंय, हेही अंदाजावर सोडू नये. ते विचारावं, पडताळावं आणि नोंदवावं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

आपल्या शास्त्राने हे फार पूर्वी मांडलं आहे. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा आहे, असं हिल्डगार्ड पेप्लाव यांनी १९५२ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं. १९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लँडो यांनी त्याला रोजच्या कामाची शिस्त दिली. रुग्णाच्या वागण्यावरून आपल्या मनात जे येतं, तो फक्त आपला तर्क असतो. तो रुग्णापुढे ठेवावा, बरोबर आहे का विचारावं आणि मगच पाऊल उचलावं, असं त्यांचं म्हणणं. रात्रीतून चार वेळा पाणी मागणारे आजोबा घ्या. आपण मनात ‘कटकटे’ म्हणून मोकळे होतो. ‘आजोबा, तहानच लागलीय की परवाच्या ऑपरेशनची धास्ती वाटतेय?’ असं विचारलं, तर कदाचित कळेल की शेजारच्या खाटेवरचा माणूस संध्याकाळी दगावला, तेव्हापासून त्यांचा डोळा लागलेला नाही. अशा वेळी पाण्याचा पाचवा ग्लास कामाचा नसतो.

आता आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रश्न : ‘कळलं का?’ त्याला ‘नाही’ म्हणणारा रुग्ण क्वचितच भेटतो. ‘रात्री बारानंतर काही खायचं नाही, कळलं का काका?’ ‘हो सिस्टर.’ सकाळी ट्रॉली न्यायला मामा येतात, तर काका नुसता चहा पिऊन तयार! बिस्किटाला त्यांनी हातही लावलेला नसतो. आपण ‘खायचं नाही’ म्हणालो होतो आणि ते त्यांनी तंतोतंत पाळलं. ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि बोलणी मात्र त्यांना बसतात. त्याऐवजी ‘सकाळी चहावाला आला तर काय कराल?’ असं विचारायला किती वेळ लागतो? घरी सोडताना ‘ही गोळी कशी घेणार, सांगा बघू’ म्हणावं. इन्सुलिन असेल तर सुई त्यांच्या हातात देऊन करून दाखवायला सांगावं. परीक्षा रुग्णाची नसते, आपण नीट सांगितलं का याची असते.

न विचारण्याची किंमत किती मोठी असते, हे डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडलं. गडचिरोलीतल्या दोन गावांत तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. त्यात भाषेची भिंत. मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया, नंदुरबारात भिली आणि पावरी. मुंबईच्या वॉर्डात केरळची सिस्टर आणि खानदेशातली अहिराणी बोलणारी आजी समोरासमोर येतात. मग दुभाषा कोण, तर आजीचा नातू. पाळीचं, अंगावरून जाण्याचं दुखणं कोणती बाई नातवाच्या तोंडून सांगेल?

संवाद आपल्या आपल्यातही अडतो. मध्यरात्री फोन जातो : ‘सर, पेशंटला बरं वाटत नाहीये.’ पलीकडून अर्धवट झोपेत उत्तर येतं : ‘बघा, सलाईन लावा.’ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून निघालेली बोलण्याची एक रीत तिथल्या रुग्णालयांनी उचलली : आत्ता काय घडतंय, आधी काय झालंय, मला काय वाटतं, मला काय हवंय. त्या रीतीने तोच फोन असा होईल : ‘सर, नाडी १३०, बीपी ८०/५०. काल पोटाचं ऑपरेशन झालंय, ड्रेसिंग भिजलंय. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही लगेच या.’ यातली पहिली दोन वाक्यं आपण सहज बोलतो. पुढची दोन घशाशी अडतात, कारण ‘मला वाटतं’ म्हणायची सवय आपल्याला कुणी लावलेलीच नाही. ती पहिल्या वर्षापासून लावावी लागेल.

‘सात नंबरला इंजेक्शन, बाराचं ड्रेसिंग’ अशी भाषा आपल्या वॉर्डात चालते. इझाबेल मेन्झीस यांनी लंडनच्या एका शिक्षण रुग्णालयात हेच पाहिलं आणि १९६० मध्ये लिहिलं, की काम तुकड्यातुकड्यांत वाटणं आणि माणसाला खाट किंवा आजार म्हणून ओळखणं, हा दुःखाच्या सततच्या सहवासातून स्वतःला वाचवण्याचा व्यवस्थेचा मार्ग असतो. म्हणून नव्या मुलीला ‘तुला माया नाही’ म्हणून झापू नका. ड्युटीची वाटणी बदला. एकीने सगळ्यांचा ताप बघायचा आणि दुसरीने सगळ्यांना इंजेक्शनं द्यायची, यापेक्षा ठरावीक रुग्ण पूर्णपणे एकीकडे द्या. अर्थात त्यासाठी माणसं लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका असा आहे. रात्री एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड टाकायचा आणि सकाळी तिला संवादकौशल्यावर व्याख्यान द्यायचं, हे बंद झालं पाहिजे.

म्हणून दुपारच्या सत्रात मी चार ठराव मांडणार आहे. रुग्णाला घरी सोडताना त्याने स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं, याची एक ओळ केस पेपरवर असावी. कोणत्या पाळीत कुणाला कोणती बोली येते याची यादी वॉर्डात लावावी आणि खासगी दुखण्यासाठी घरच्या मुलांना दुभाषे करू नये. फोनवरच्या त्या चार मुद्द्यांना प्रात्यक्षिक परीक्षेत गुण असावेत आणि निवासी डॉक्टरांनीही ते आपल्याबरोबरच शिकावेत. रिक्त पदं भरण्याची मागणी करताना रुग्णाशी बोलण्याचा वेळही कामाच्या हिशेबात धरावा.

यांवर वाद घाला, दुरुस्त्या सुचवा. पण कुठलाही ठराव नुसत्या टाळ्यांवर मंजूर करू नका. आपल्या वॉर्डात तो सोमवारपासून कसा राबवणार, हे प्रत्येकीने इथे उभं राहून सांगावं. आपणही ‘कळलं का?’वर थांबायला नको.

जय हिंद, जय महाराष्ट्र!