एकटीचं मत

(आमच्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा थोडा संक्षिप्त भाग. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



‘परराष्ट्र धोरण’ हे शब्द दिसले की आपण बहुतेक जणी वर्तमानपत्राचं पान उलटतो. रेशन, पाणी, पोटगी, घरातली मारहाण हे आपले विषय. कोणत्या देशाने कोणावर बॉम्ब टाकायचे, कोणाला मदत द्यायची, हे राजधानीतल्या पुरुषांनी ठरवायचं, असं आपण धरून चालतो. आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांनी असं धरून चालायला नकार दिला. त्या अमेरिकेच्या माजी खासदार बार्बरा ली.

त्यांचा जन्म १९४६चा, टेक्सासमधल्या एल पासोचा. आई काळी म्हणून तिला रुग्णालयात घ्यायलाच खळखळ झाली आणि बाळंतपणात तिचा जीव जाता जाता वाचला, असं त्या सांगतात. सोळाव्या वर्षाच्या सुमारास स्वतःला दिवस गेले, तेव्हा अमेरिकेत गर्भपात बेकायदा होता. चोरून मेक्सिकोत जावं लागलं. ही गोष्ट त्यांनी कित्येक वर्षं मनात ठेवली आणि २०२१ मध्ये संसदेच्या समितीपुढे स्वतःच्या तोंडाने सांगितली.

पुढे दोन मुलांना एकटीने वाढवत त्या कॉलेजात शिकल्या. १९७२ मध्ये शर्ली चिशोम राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. अमेरिकी संसदेत निवडून गेलेली ती पहिली काळी स्त्री. ली त्यांना भेटल्या तेव्हा चिशोमबाईंनी विचारलं, मतदारयादीत नाव घातलंस का? घातलं नव्हतं! राजकारणाचा पहिला धडा तिथे मिळाला.

नंतर दहा-अकरा वर्षं त्यांनी रॉन डेलम्स या खासदारांच्या कार्यालयात काम केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीवर आर्थिक निर्बंध घालावेत म्हणून डेलम्स वर्षानुवर्षं भांडत होते. १९८६ मध्ये संसदेने तसा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो नाकारला, आणि संसदेने त्यांचा नकार बाजूला सारून तो पुन्हा मंजूर केला. लोकप्रतिनिधींनी मनावर घेतलं तर परराष्ट्र धोरणही वळवता येतं, हे ली यांनी जवळून पाहिलं. १९९८ मध्ये डेलम्स यांच्याच जागेवर त्या निवडून आल्या.

आता २००१ कडे येऊ. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले. हजारो माणसं गेली. तीनच दिवसांत संसदेपुढे एक ठराव आला. हल्ल्यामागे जे देश, ज्या संघटना, जी माणसं आहेत असं राष्ट्राध्यक्षांना वाटेल, त्यांच्याविरुद्ध लागेल ते बळ वापरायची त्यात मुभा होती. कोणत्या देशात? लिहिलेलं नाही. किती दिवस? तेही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोऱ्या कागदावर अंगठा. असा अंगठा देऊन जमीन गमावलेल्या, घर गमावलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. तेव्हा ली यांना कशाची धास्ती वाटली ते तुम्हाला समजावून सांगायला नको.

वरच्या सभागृहात ठरावाच्या बाजूने ९८, विरोधात शून्य. खालच्या सभागृहात बाजूने ४२०, विरोधात एक. ते एक मत बार्बरा लींचं.

मग हल्लेखोरांना मोकळं सोडायचं होतं का? हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला. गुन्हेगारांना शिक्षा होऊ नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की दुःख ताजं असताना युद्धाचा अधिकार एका माणसाच्या हाती कायमचा देऊ नका. थांबा, परिणामांचा विचार करा. यासाठी त्यांना देशद्रोही म्हटलं गेलं. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांचं संरक्षण घ्यावं लागलं. पण त्यांच्या मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. त्याच ठरावाचा आधार घेऊन पुढे येमेन, सोमालिया अशा दूरदूरच्या देशांत हल्ले झाले, तेव्हा पुष्कळांना त्यांचं म्हणणं आठवलं.

आता आपल्या मुद्द्याकडे येते. हे युद्ध अफगाण स्त्रियांच्या मुक्तीसाठीही आहे असं नोव्हेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने रेडिओवरून सांगितलं. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या अनेक मुली शाळेत गेल्या, शिक्षिका, डॉक्टर झाल्या, हे खरं आहे आणि ते कमी लेखू नये. पण ‘रावा’ ही अफगाण स्त्रियांची संघटना तेव्हाही सांगत होती की आम्हाला तालिबान नको आणि बॉम्बही नकोत. त्यांचं कोणी ऐकलं? २०२१ मध्ये फौजा परतल्या, तालिबान आले, सहावीच्या पुढे मुलींची शाळा बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही. आणि स्त्रियांविरुद्धचे भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार? अमेरिकेने त्यावर १९८० मध्ये सही केली, पण त्याला संसदेची मंजुरी काही मिळवली नाही.

हीच दुटप्पी नीती दवाखान्यातही दिसते. १९८४ मध्ये रेगन सरकारने नियम केला: अमेरिकेची कुटुंबनियोजनाची मदत घेणाऱ्या परदेशी संस्थेने गर्भपाताची सेवा द्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही, कायदा सैल करा अशी मागणीही करायची नाही. स्वतःच्या पैशातूनसुद्धा नाही! आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, तरी अट तीच. बायका याला तोंडबंदीचा नियम म्हणतात. एका पक्षाचा राष्ट्राध्यक्ष आला की नियम जातो, दुसऱ्याचा आला की परत येतो. २०२५ मध्ये तो परत आला. आफ्रिकेतल्या २६ देशांवरच्या एका अभ्यासात, २०१९ मध्ये, असं दिसलं की या नियमाच्या काळात गर्भनिरोधकांचा वापर घटला आणि गर्भपात वाढले. ली या नियमाविरुद्ध सतत लढल्या. मेक्सिकोत चोरून गेलेली ती मुलगी त्यांच्यात जागी होती, असं मला वाटतं. घरातला हक्क आणि परदेशातलं धोरण या त्यांच्यासाठी दोन गोष्टी नव्हत्याच.

आपल्याकडे असं एकटीचं मत पडू शकेल का? आपल्याकडे परराष्ट्र धोरण सरकार ठरवतं. करारांना संसदेची मंजुरी घेण्याचं बंधन नाही. पुष्कळसं मतदान आवाजी होतं, कोण काय म्हणालं याची नोंदच राहत नाही. आणि १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. घोडेबाजार थांबवण्यासाठी तो कायदा झाला, ते ठीकच. पण सदसद्विवेकाचं मतही त्यात चिरडलं जातं, त्याचं काय?

बार्बरा ली २०२५ मध्ये संसदेतून बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी ओकलंड शहराच्या महापौर म्हणून निवडून आल्या. म्हणजे पाणी, घरं, रस्ते. आपलेच विषय!

पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की नळाचं विचाराच. पण त्यासोबत एवढंही विचारा: आमच्या नावाने तुम्ही कोणकोणत्या कोऱ्या कागदावर अंगठा देणार आहात?