कढीपत्त्यावरचा भागीदार

नेरूळला आमच्या बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं. त्या अळ्या होत्या. फोडणीला पान उरेना, म्हणून मी त्या चिरडून टाकल्या. नंतर कळलं, ती ‘बहुरूपी’ म्हणजे कॉमन मॉर्मन फुलपाखराची पिल्लं होती.

२०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंत याच कुळातलं. युरोपातलं पिवळं स्वॅलोटेलही यांचंच भावंड. लिनियसने १७५८ साली बहुरूपीबरोबर त्याचंही नामकरण केलं. युरोपात ते बडीशेप, गाजराच्या पाल्यावरही वाढतं. इंग्लंडमधलं मात्र नॉरफॉकच्या दलदलीतल्या एका रोपट्यावरच अडून बसलं. दलदली आटत गेल्या, तसं तेही आटलं. बहुरूपीचं पोट लिंबू आणि कढीपत्त्यावर भरतं. म्हणजे इथे त्याची दलदल माझी कुंडीच!

यंदा अळ्या आल्या, तेव्हा एक फांदी त्यांना सोडून दिली. काठीला एक कोष लटकला. दहा-बारा दिवसांनी त्यातून काळी, लाल ठिपक्यांची मादी निघाली. विषारी कॉमन रोझचा वेष घेतलेली! आमटीला दोन पानं कमी पडली, एवढंच.