टी दाबलं, लिव्हर पडली, पंप चालूच

आज कोडबद्दल एक अक्षर बोलणार नाही. म्हणजे एका बगबद्दल बोलेन, पण तो मातीत गाडलेला होता.

आमचं घर दापोली तालुक्यात. बाबा रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या बाजूला तीन खोल्यांचा होमस्टे काढला. मे महिना आणि डिसेंबर सोडला तर यथातथाच. मग प्रत्येक गेस्ट विचारायला लागला, "काका, जकुझी नाही का हो?" बाबांना तो शब्द आधी नीट म्हणताही येत नव्हता. पण मागच्या वर्षी दिवाळीत त्यांनी जाहीर केलं, आपण जमिनीत बांधायची. टब विकत आणून ठेवायचा नाही, खणायचं, काँक्रीट करायचं, टाइल लावायच्या. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना?" मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे. आमच्या घरात हा फरक कोणी मानत नाही.

तर मी वाचायला बसलो. आता थोडं गणित येणार आहे, कंटाळू नका, मजा आहे त्यात.

खड्डा साधारण दोन मीटर बाय दोन मीटर, बसायचे कट्टे धरून पाणी मावतं अंदाजे २८०० लिटर. थंडीत आमच्याकडे टाकीतलं पाणी २५ डिग्री धरा. ते ३८ ला न्यायचं. म्हणजे १३ डिग्री गुणिले २८००, झाल्या ३६,४०० किलोकॅलरी. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. भागाकार केला की ४२ युनिटं येतात, आणि हे पाणी एकदा तापवण्याचं, तेही उष्णता कुठे न गळता. सहा किलोवॉटचा हीटर लावला तर सात तास. बाबांनी हा आकडा ऐकला आणि चहा खाली ठेवला. म्हणून आम्ही वर जाड कव्हर घेतलं आणि गेस्टला आदल्या दिवशी सांगायची अट घातली. हीट पंप याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात काम करतो, पण तो आमच्या बजेटमध्ये बसला नाही. आणि ४० डिग्रीच्या वर कोणी कितीही आग्रह केला तरी जायचं नाही, शरीराला ते झेपत नाही.

मग पाइप. जेट सहा. एकेका जेटला मिनिटाला पन्नासेक लिटर, म्हणजे ३०० लिटर, सेकंदाला पाच. आमच्या प्लंबरदादांनी ५० एमएमचे पाइप आणून ठेवले होते. मी त्यांना वहीत दाखवलं. ५० च्या पाइपाचं आतलं तोंड साधारण ४६ एमएम, त्यातून सेकंदाला पाच लिटर न्यायचे तर पाणी सेकंदाला तीन मीटरने पळणार. ओढीच्या बाजूला हा वेग १.८ च्या आत आणि ढकलण्याच्या बाजूला २.४ च्या आत ठेवायचा असतो, नाहीतर पंप बोंबलतो, आवाज करतो आणि जेटला जोरच येत नाही. ओढीला ७५ चा घेतला, परतीला ६३ चा. दादा म्हणाले, "एवढा मोठा पाइप मी विहिरीला पण लावला नाही." पण लावला. जेटला पाणी देणारा पाइप टबाभोवती पूर्ण गोल फिरवून पुन्हा स्वतःलाच जोडला, म्हणजे पहिल्या जेटला धो धो आणि सहाव्याला पिचकारी असं होत नाही.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो. तळाला पाणी ओढणारी जाळी असते ना, ती एकच ठेवायची नाही. २००२ साली अमेरिकेत सात वर्षांची एक मुलगी, व्हर्जिनिया ग्रॅम बेकर, अशाच एका हॉट टबमध्ये तळाच्या जाळीला ओढली जाऊन अडकली. तिच्या आईला ती ओढून काढता आली नाही. ती गेली. तिचे आजोबा जेम्स बेकर, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री. घरच्यांनी पाठपुरावा केला आणि २००७ च्या डिसेंबरमध्ये तिच्याच नावाने तिकडे कायदा झाला. मी हे वाचलं आणि हिशेब केला. वीस बाय वीस सेंटीमीटरची जाळी, पंपाने नुसती अर्ध्या वातावरणाएवढी ओढ घेतली, तर दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो, एकूण २०० किलो. कोण उचलणार? म्हणून दोन जाळ्या, एकमेकींपासून तीन फूट लांब, एक तळाला आणि एक भिंतीत, आणि दोन्ही एकाच ओढीच्या पाइपाला जोडलेल्या. एकीवर कोणी बसलं तर पाणी दुसरीतून येतं, ओढ तयारच होत नाही. खर्च किती वाढला? एक जाळी आणि थोडा पाइप.

आमची जमीन उताराची, म्हणून पंपरूम खालच्या टप्प्यावर ठेवली. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असला की त्याला हवा काढायची कटकट नाही. दोन्ही बाजूला व्हॉल्व्ह मात्र हवेतच, नाहीतर पंप दुरुस्तीला काढला की अख्खा टब तुमच्या पायावर. बुडबुडे सोडणारा ब्लोअरही तिथेच. त्याचा पाइप आधी टबाच्या पाण्याच्या वर एक फूटभर उंच न्यायचा आणि मग खाली उतरवायचा. पंप बंद झाल्यावर पाणी उलटं ब्लोअरमध्ये शिरू नये म्हणून. हा उलटा यू लक्षात ठेवा, पुढे माझीच लाज काढणार आहे तो.

काँक्रीट ओतायच्या आधी सगळे पाइप पाण्याने भरून दोन किलो प्रेशरवर २४ तास ठेवले. पाण्याने हं, कॉम्प्रेसरच्या हवेने नाही. पीव्हीसी हवेच्या दाबाने फुटला तर तुकडे उडतात. सकाळी काटा १.४ वर. एक जॉइंट रडत होता. कापला, नवीन टाकला, पुन्हा एक दिवस. गवंडीकाका वैतागले, पण तो जॉइंट टाइलखाली गेला असता तर पुढची दहा वर्षं आम्ही पाणी कुठे जातंय म्हणून देवाला कौल लावत बसलो असतो.

वायरिंग. स्विमिंग पूलसाठी आंतरराष्ट्रीय नियमात झोन असतात. पाण्याच्या आत झोन शून्य, काठापासून दोन मीटर झोन एक, त्यापुढे दीड मीटर झोन दोन. आमचा नियम सोपा, साडेतीन मीटरच्या आत एकही प्लग नाही. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचा, त्याचा ट्रान्सफॉर्मर पंपरूममध्ये. टबाच्या सळया, जिन्याचा स्टीलचा कठडा, पंपाची बॉडी, हीटरची बॉडी, सगळं तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडलं. का? तारेवर बसलेला कावळा मरत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. टबातल्या माणसाचं तेच करायचं. तो जिथे जिथे हात लावेल ते सगळं एकाच पातळीवर.

अर्थिंगने दमवलं. जांभ्याचा कातळ, त्यात मे महिना, ओल कुठे नाही. पहिल्या खड्ड्याचं रीडिंग वाईट आलं, दुसरा खणून दोन्ही जोडले तेव्हा वायरमनकाका समाधानी झाले.

आणि सगळ्यात शेवटी आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. हा माणूस मुनीमजी आहे. फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, एवढाच हिशेब ठेवतो. तूट दिसली की लाइन कापतो. कारण जो परत आला नाही तो कुठेतरी दुसरीकडून जमिनीत गेला, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. साध्या एमसीबीला हे दिसतच नाही. ३२ अँपिअरचा एमसीबी ३२ च्या वर गेल्याशिवाय जागा होत नाही आणि माणसाचे स्नायू १०-१५ मिलिअँपिअरलाच त्याच्या ताब्यात राहत नाहीत. पाण्यात तर ओली कातडी वीज अडवतच नाही म्हणा.

मेच्या शेवटी काम संपलं. आई पहिल्यांदा पाण्यात पाय सोडून बसली, तो फोटो माझ्या वॉलपेपरवर आहे. मी पुण्याला परत.

जूनमध्ये पाऊस लागला आणि बाबांचे फोन सुरू. "ते तुझं आरसीसीबी पडतंय." रोज संध्याकाळी. मी फोनवरून काय सांगणार, हे बंद करा, ते चालू करा. दोन बुकिंगं नाराज होऊन गेली, एकाने पैसे परत मागितले. मग एक दिवस बाबांचा खूश आवाज, "काका येऊन गेले, झालं ठीक. आता नाही पडत." मला एवढं हायसं वाटलं की काय ठीक केलं हे मी विचारलंच नाही. हे माझं चुकलं. ऑफिसमध्ये कोणी "फिक्स झालं" म्हटलं तर मी दहा प्रश्न विचारतो.

त्या शुक्रवारी रात्री मी घरी पोचलो. शनिवारी एक कुटुंब येणार होतं, दोन लहान मुलं. जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन पंपरूममध्ये गेलो, सहज. पंप चालू होता. आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, टेस्टचं. ते दाबलं.

लिव्हर खाट करून खाली पडली. आणि पंप चालूच राहिला.

मला दोन सेकंद कळलंच नाही. मग मेन बंद करून कव्हर उघडलं. खालच्या बाजूच्या, पंप-हीटरकडे जाणाऱ्या वायरी काढून वरच्या बाजूला, येणाऱ्या वायरींबरोबरच पिळून बसवलेल्या. मुनीमजी खुर्चीवर होते, पण तिजोरीची चावी दुसऱ्याकडे.

बाहेर आलो तर बाबा ओट्यावर बसलेले. मी विचारलं, "कोणी उतरलं होतं का पाण्यात?"

"मीच. दोन दिवस बसतोय संध्याकाळी. गुडघ्यांना बरं वाटतं रे."

मी काही बोललो नाही थोडा वेळ. मग जरा जास्तच बोललो. बाबाही चिडले, "चाललं होतं ना व्यवस्थित! उद्याच्या लोकांचा अ‍ॅडव्हान्स घेतलाय मी, त्यांना काय सांगू?" आई मधे पडली नसती तर रात्र तशीच गेली असती. सकाळी त्या लोकांना फोन मी केला. जकुझी बंद आहे, हवं तर अ‍ॅडव्हान्स परत. ते आले तरी, समुद्रावर गेले, मासे खाल्ले, काही बिघडलं नाही. पण हे आम्हाला आदल्या रात्री थोडंच माहीत होतं.

वायरमनकाका आले. मान खाली घालून म्हणाले, "तुमचे वडील रोज फोन करायचे. पावसात ट्रिप होतंच असं वाटलं मला." मी भांडायच्या तयारीत होतो, पण मग दोघे मिळून कामाला लागलो. आधी वायरी पुन्हा नीट आरसीसीबीच्या खाली. मग एकेक सर्किट पूर्ण सोडवायचं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही. नुसता एमसीबी पाडून चालत नाही, न्यूट्रल जोडलेला राहतो आणि दोष तिथेही असू शकतो. हीटर सोडवला, तरी पडला. पंप सोडवला, पडला. ब्लोअर सोडवला, राहिला. मेगर लावला तर ब्लोअरच्या केबलचा काटा जवळजवळ शून्यावर, बाकीच्या ठणठणीत.

फरशी उचलली. कॉन्ड्युट पाण्याने भरलेला आणि त्यात मधोमध केबलला जॉइंट, वर काळी टेप.

मी विचारलं, "काका, जमिनीत जॉइंट कशाला मारलात?" ते म्हणाले, "केबल दीड मीटर कमी पडली. तुम्हीच ब्लोअर उचलून पलीकडच्या भिंतीवर न्यायला सांगितलात ना."

बरोबर होतं. उलट्या यूला उंची मिळावी म्हणून मीच व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं होतं, भिंत बदला. केबलची यादी त्याच्या आधी पाठवली होती, ती बदलली नाही. एक्सेलमध्ये तो आकडा अजून जुनाच आहे, मी तो तसाच ठेवलाय.

दापोलीहून नवीन अखंड केबल आणली, कॉन्ड्युटला उतार देऊन पाणी निघायला तोंड ठेवलं. अख्खा श्रावण गेला, आरसीसीबी एकदाही पडला नाही. म्हणजे आपणहून नाही. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा जेवायच्या आधी खाली जातात, टी दाबतात, पंप थांबला का बघतात आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बरोबरची खूण करून मला फोटो पाठवतात. या महिन्याचा फोटो परवा आला. खाली लिहिलंय, "पडलं. थांबला. गुडघे बरे."