नाटकाचीही शाळा असते

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

व्यासपीठावरचे आपले गुरुजन, ज्यांच्या छडीची अजून आठवण येते ते आणि ज्यांनी कधीच हात उगारला नाही तेही, आणि १९८१ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिलाय ‘अभिनय क्षेत्रातील माझी वाटचाल’. त्यांच्या परवानगीनं मी तो जरा आटोपशीर करतो. वाटचाल म्हणाल तर ती आपल्या स्टँडपासून शाळेपर्यंतच्या रस्त्यासारखीच आहे, डांबर कमी आणि खड्डे जास्त. मालिकेतला जो इन्स्पेक्टर म्हणून तुमची मुलं मला ओळखतात, त्याच्याबद्दल तर दोन वाक्यांच्या वर सांगण्यासारखं काहीच नाही. पण आज सकाळपासून चहाच्या टेबलापाशी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. दिल्लीच्या त्या शाळेत तीन वर्षं नेमकं शिकवतात काय? अभिनय अंगात असावा लागतो, तो काय शिकवायची गोष्ट आहे? तर मी त्या तीन वर्षांबद्दलच बोलतो.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय, आमच्या तोंडी एनएसडी, संगीत नाटक अकादमीनं १९५९ साली सुरू केलं. १९७५ पासून ती स्वतंत्र संस्था आहे. मंडी हाउसच्या चौकातून भगवानदास रोडला लागलं की बहावलपूर हाउस नावाची जुनी इमारत लागते, तिथं. या शाळेला घडवलं ते इब्राहिम अल्काझींनी. पुण्यात जन्मलेला हा माणूस लंडनला नाट्यशिक्षण घेऊन आला आणि १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं तिथला संचालक होता. फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींमध्ये ‘अंधा युग’, पुराना किल्ल्यात ‘तुघलक’ अशी नाटकं त्यांनी उभी केली. मी १९८६ ला गेलो तेव्हा ते तिथून जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी मेसमध्ये रोज जेवताना त्यांची एखादी गोष्ट निघायचीच. सई परांजपे, रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष या तिथल्याच विद्यार्थिनी. आणि आपल्या बीड जिल्ह्यातून गेलेले वामन केंद्रे तिथं शिकले आणि पुढं त्याच शाळेचे संचालक झाले. मराठवाड्यातून दिल्लीला जाणारा मी काही पहिला नव्हतो, एवढंच सांगायचं.

घरी मात्र पहिलाच. आमचे अण्णा मोंढ्यात आडत दुकानावर दिवाणजी होते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “नाटकाची बी शाळा असती व्हय रं?” मी म्हणालो, असते, आणि दर महिन्याला विद्यावृत्तीही मिळते. विद्यावृत्तीचं ऐकल्यावर त्यांनी ट्रंक काढली.

आता शिकवतात काय. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं. कुणी अभिनयासाठी आलेला असो नाहीतर दिग्दर्शनासाठी, त्याला सुतारकाम येतं, प्रकाशयोजना येते, वेशभूषा, रंगभूषा, सगळं. स्वतःची शाखा त्यानंतर. सकाळी उजाडता योगासनं आणि शरीराचे व्यायाम, मग आवाजाचा तास, मग संस्कृत नाटक, पाश्चात्त्य नाटक, आधुनिक भारतीय नाटक, दुपारी अभिनय, संध्याकाळी तालीम, आणि तालीम संपायची वेळ कुणी लिहून ठेवलेली नसायची. नाट्यशास्त्रातले आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार आपण बी. ए. च्या गाइडात पाठ करतो. तिथं त्या चौघांचं वेळापत्रक होतं. आंगिक सकाळी, वाचिक त्याच्यानंतर, आणि आहार्य म्हणजे वर्कशॉपमध्ये रंधा मारणं. सात्त्विकाचा तास वेळापत्रकात नव्हता.

आपल्या शाळेच्या गॅदरिंगला पडदे भाड्यानं यायचे, आठवतं? एक राजवाडा, एक जंगल, एक रस्ता. एखाद्या वर्षी राजवाडा आलाच नाही तर शिवाजी महाराज जंगलात दरबार भरवायचे. तिथं मी पहिल्या सहामाहीत लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून, तिच्यावर मांजरपाट ताणून, सरस लावून भिंत करायला शिकलो. रंगमंचावरचं दार बंद करताना अख्खी भिंत हलली तर प्रेक्षक नटाकडं बघत नाही, भिंतीकडं बघतो. ती भिंत ज्यानं स्वतः ठोकलीय तो नट दार वेगळ्या हातानं लावतो. मला विचाराल तर अभिनयाच्या अर्ध्या तासांपेक्षा या सुतारकामानं मला जास्त शिकवलं. आमच्या वर्गातले सगळे हे मान्य करणार नाहीत.

सगळ्यात जास्त घाम काढला तो भाषेनं. तिथं नाटक हिंदीत. तुम्ही म्हणाल, आपल्याकडच्या पोराला हिंदीची काय अडचण, आपण तर लहानपणापासून ‘कायकू’ आणि ‘नक्को’ बोलत आलो. तीच अडचण. आवाजाच्या तासाला कळलं की मराठी माणूस ‘है’ म्हणतो तेव्हा ‘हइ’ म्हणतो, ‘और’चं ‘अउर’ करतो. आपल्या ‘जग’मधला ज आणि ‘जीव’मधला ज वेगळे असतात. हिंदीत ‘जग’चा ज सुद्धा ‘जीव’सारखाच. ‘कृष्ण’ आपल्याकडं ‘क्रुष्ण’, तिकडं ‘क्रिष्ण’. ‘ज्ञान’ आपल्याकडं ‘द्न्यान’, तिकडं ‘ग्यान’. आयुष्याची एकवीस वर्षं जीभ जिथं टेकत आली, तिथून तिला अर्ध्या बोटाच्या अंतरावर न्यायचं, एवढंच काम. मी सहा महिने रोज सकाळी गच्चीवर उभा राहून ‘मैं हूँ, तू है’ म्हणत होतो. खालचा चौकीदार मला वेडा समजायचा की नाही, हे त्यानं सभ्यपणे कधी दाखवलं नाही.

नुक्त्याची अक्षरं त्याहून अवघड. ख़, ग़, क़, ज़, फ़. पहिल्या दिवाळीला घरी आलो आणि ओट्यावर बसून पाठांतर करत होतो. अण्णा आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, “ख घशातून काढ. खाकरल्यावानी.” आणि त्यांनी ‘ख़बर’, ‘ग़लत’, ‘क़लम’ असे तीन शब्द म्हणून दाखवले. मी बघतच राहिलो. मंडळी, अण्णा निजामाच्या राज्यात शाळेत गेलेले. १९४८ च्या आधी उर्दू शिकलेले. त्यानंतर आयुष्यभर मोंढ्यात मराठीत कीर्द लिहिली, पण तो घसा तसाच राहिला होता, कुणी विचारलाच नव्हता. त्या सुट्टीत आठ दिवस रोज संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर, त्यांनी माझा तास घेतला. ज्या माणसाला नाटकाची शाळा असते हे माहीत नव्हतं, त्याच्याकडून मी नाटकाच्या शाळेचा अभ्यास करून घेतला. परत गेल्यावर आमच्या बाईंनी विचारलं, सुट्टीत कुणाकडं शिकलास? मी सांगितलं, वडिलांकडं. “ते शायर आहेत का?” मी म्हणालो, दिवाणजी आहेत.

निरीक्षणाचा एक अभ्यास असायचा. बाहेर जायचं, एक माणूस निवडायचा, आठवडाभर तो बघायचा आणि मग वर्गात करून दाखवायचा. कुणी चहावाला निवडला, कुणी जुन्या दिल्लीतला घड्याळजी. मी नवी दिल्ली स्टेशनावरचा हमाल निवडला, कारण उघड आहे, आपण मोंढ्यातल्या हमालांच्या पाठी बघत मोठे झालो. सरांनी जाताना एवढंच सांगितलं, ओझं डोक्यावर असताना त्याच्याकडं सगळेच बघतात, तू ओझं उतरल्यावर बघ. मी फलाटावर बसून तेच बघितलं. ओझं उतरतं, पैसे हातात येतात, गिऱ्हाईक निघून जातं, तरी त्याची मान वळत नाही. ती अजून ओझ्याखालीच असते. तो डोक्यावरचं कापड सोडतो, पुन्हा गुंडाळतो, आणि तेव्हा कुठं खांदे एकेक करून खाली येतात, आधी डावा, मग उजवा. वर्गात मी फक्त ते केलं. ओझं दाखवलंच नाही. कुणी काही बोललं नाही, सरांनी पुढच्याला बोलावलं. तिथं तीच शाबासकी असायची.

पारंपरिक नाट्यप्रकाराची ओळख हाही अभ्यासक्रमाचा भाग. आमच्या वाट्याला कर्नाटकातलं यक्षगान आलं. भागवत गातो, चंडे आणि मद्दळे वाजतात, नट स्वतःचा चेहरा स्वतः तासन्‌तास रंगवतो. तिथं पाय कसा टाकायचा हे शिकता शिकता एक गोष्ट आठवली. आपल्या मराठीच्या सरांनी पाचवी-सहावीत सांगितलं होतं की विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. पण त्याच्या आधी सांगलीच्या राजेसाहेबांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला होता आणि तसं काही मराठीत करा असं भाव्यांना सांगितलं होतं, हे सर बोलले होते का, ते मला आठवत नाही. मी पाठीमागच्या बाकावर असायचो. पण दर ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिनाच्या भाषणात मी कानडी मुलखाचं नाव घेतोच. काहींना ते रुचत नाही.

शाळा सुटल्यावरचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच बरं. आमच्या वर्गातल्या वीसएक जणांपैकी सिनेमात नाव झालेले दोन. बाकीचे कुणी आपापल्या राज्यात नाटक करतात, कुणी शाळांमधून मुलांना शिकवतात, एकजण कपड्यांच्या दुकानावर बसतो आणि अजून उत्तम गातो. मी सहा वर्षं मुंबईत काढली, त्यातली पहिली दोन डबिंगवर निघाली. तिथं अण्णांचा ख़ कामाला आला. मग एका विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे काय हे इथल्या शिक्षक मित्रांना सांगायला नको. मार्चमधल्या तासाचे पैसे दिवाळीला.

अण्णांनी माझं एकच नाटक बघितलं, औरंगाबादला, १९९६ साली. त्यात मी म्हातारा हमाल होतो आणि एक पोतं पाठीवर घेऊन रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचो. नाटक संपल्यावर ते आत आले. मेकअप उतरवत होतो. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, पोतं सापडलं, एका हातानं उचललं. आत थर्माकोलचे तुकडे होते. अण्णांनी चाळीस वर्षं मोंढ्यात पोती मोजली होती. म्हणाले, “मला क्विंटलाचं वाटलं.” आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

आता मघाशी म्हणालो त्या प्रश्नाकडं. आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा महिन्यापूर्वी फोन आला. त्याच्या मुलीला, बी. कॉम. झालंय तिचं, नाटकाच्या शाळेत जायचंय. तो म्हणाला, “तू तिला समजावून सांग, तुझं ऐकेल. तूच सांग यात काही नाही म्हणून.” मी त्याला म्हणालो, काही नाही असं मी कसं सांगू? पैसा नाही, हे सांगतो. नाव होईलच असं नाही, हेही सांगतो. तिशी उलटेपर्यंत घरभाडं कुणाकडून तरी उसनं घ्यावं लागेल, तेही सांगतो. पण काही नाही, हे माझ्या तोंडून येणार नाही. मुलगी इथं आहे, तिसऱ्या रांगेत, तिचे वडील तिच्या शेजारी आहेत आणि माझ्याकडं बघत नाहीयेत. मी दोघांशी काल बोललो. तिला सांगितलं की टीव्हीवर दिसायचं असेल तर तीन वर्षं घालवू नकोस, मुंबईला जा आणि ऑडिशनच्या रांगेत उभी राहा, ती वाट जवळची आहे. ती म्हणाली, मला भिंत ठोकायला शिकायचंय. मी काही बोललो नाही, तिच्या वडिलांना चहा सांगितला.

प्रवेशासाठी पदवी लागते, वयाची मर्यादा असते, आधी नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. पहिल्या फेरीला नाटकातले उतारे तयार करून न्यायचे आणि गाणंही विचारतात. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात आणि तिथं खरी परीक्षा. दिल्लीला जायला जमलं नाही तरी पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग १९७३ पासून आहे. जवळ आहे म्हणून तो हलका समजू नका.

आणखी एक. मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेचा हॉल दर रविवारी सकाळी नऊ ते बारा उघडून द्यायचं कबूल केलंय, पंखे चालू ठेवण्याच्या अटीशिवाय. आठवीच्या पुढचं कुणीही आलं तरी चालेल, मोठ्यांनाही मनाई नाही. फी नाही. पहिल्या दिवशी सैल कपडे घाला, आणि कुणाच्या घरी रिकामं पोतं असेल तर येताना घेऊन या.