गुराखी मुलगा आणि गमतीची गोष्ट
(पनवेल तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेतील भाषण)



पहिली-दुसरीच्या वर्गात यमकांतून सांगावयाच्या गमतीच्या गोष्टीविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय वरवर हलका वाटेल. परंतु ज्या मुलासाठी तो निवडला, तो उशिरा येतो, त्याचे पाय चिखलाने भरलेले असतात आणि हजेरीच्या वेळी त्यास बहुधा बोलणी खावी लागतात. शेळ्या सोडून, म्हशीला पाणी दाखवून तो आलेला असतो. आपल्या वाड्यापाड्यांतील अशी मुले तुम्हांस ठाऊक आहेतच.

या मुलांचा विचार ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी केला. 1945 मध्ये बोर्डी येथे आरंभलेले त्यांचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी कुरणशाळा चालविली. मूल गुरांमागे जाते, तर शाळेनेच कुरणात जावे, असा तो सरळ विचार होता. आज 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेत आणणे हे 2009 च्या कायद्याने आपले कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा आपण माळच वर्गात आणू. (पनवेलभोवतीचे कितीतरी माळ इमारतींखाली गेले, ही गोष्ट निराळी.)

फळ्यावर चार ओळी लिहाव्यात. नमुन्यादाखल मी जुळविलेल्या या पाहा :

बंड्या निघाला शेळ्या राखायला,
शेळ्या लागल्या दप्तर चाखायला;
पाटी राहिली, पुस्तक गेले,
शेळीचे शिक्षण पुरते झाले!

एवढे म्हणून थांबावे व विचारावे, "मग म्हशीने काय केले?" येथे गुराखी मुलगा तोंड उघडतो. ओढ्यात बसलेली म्हैस शेपटी ओढून उठत नाही, शेळी काटेरी बोरीचाही पाला सोडीत नाही, नुकती व्यालेली गाय परक्यास जवळ येऊ देत नाही, हे वर्गात त्यालाच नीट ठाऊक असते. वाचता येत नाही म्हणून मागे बसविलेल्या मुलाकडे सारा वर्ग वळून पाहतो. त्याची ओळ जशीच्या तशी फळ्यावर घ्यावी. तो 'म्हस' म्हणाला व यमक त्यावरच जुळले, तर म्हसच राहू द्यावी. शुद्धलेखनाचा तास वेगळा आहे. 'राखायला' आणि 'चाखायला' एकाखाली एक लिहिले म्हणजे फरक केवळ पहिल्या अक्षराचा, हे त्याच्या डोळ्यांस आपोआप दिसते. वाचनास याहून सोपा आरंभ मला तरी माहीत नाही.

मात्र हसे शेळीचे व्हावे, मुलाचे नव्हे. वर्गातील कोणाचे नाव बंड्याच्या जागी घालू नये.

आपली एक जुनी खोडही आहे. गोष्ट संपते न संपते तोच आपण विचारतो, "यावरून काय बोध घ्याल?" आणि मुलांचे हसू मावळते. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेला विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' हा संग्रह अवश्य चाळावा. त्यातील प्राणी मुलांना हसवितात, उपदेश करीत बसत नाहीत. जनावरांना मदत करावी, हे गुराखी मुलास सांगण्याचे प्रयोजनच काय? शाळेत येण्यापूर्वी तो तेच करून आलेला असतो.

पुढील सभेस येताना प्रत्येक शाळेने वरील गोष्ट मुलांकडून पुरी करवून आणावी. शिक्षकांनी तीत सुधारणा करू नयेत. ओढ्यातली म्हैस शेवटी कशी उठली, हे मला मुलांच्याच शब्दांत ऐकावयाचे आहे.