म्हातारपणी पाय चालते ठेवा
(विहाराच्या वर्धापनदिनी खांब येथे केलेले भाषण)



आज आम्ही घरच्या म्हाताऱ्या माणसांविषयी दोन शब्द बोलणार आहोत. विहारात नेमानं येणारी एखादी आजी दिसेनाशी होते. विचारावं तर उत्तर मिळतं, "हाय की घरात, पण गुडघे धरलेत, बाहेर पडत नाय." जिनं उभा जन्म लावणी केली, डोईवर भारे वाहिले, तिचे गुडघे झिजणारच. पण झीज निराळी आणि एका जागी बसून राहणं निराळं.

आम्ही गिरणीतली माणसं. बंद साचा गंजतो, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. शरीराचंही तसंच आहे. दुखतं म्हणून माणूस बसतो, बसल्यानं मांडीचे स्नायू सुकतात, स्नायू सुकले की गुडघ्यावर भार वाढतो आणि दुखणं आणखी वाढतं. त्यात आपण मायेपोटी म्हणतो, "आये, तू उठू नको, पाणी मी देतो." ही मायाच तिला बसवते.

तथागतांनी ऐंशीव्या वर्षी आपल्या देहाला दोऱ्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा दिली, तरी ते कुशिनाऱ्यापर्यंत चालत गेले. 1956 साली नागपूरला बाबासाहेब काठी धरून उभे होते. मग आपल्याला काठीची लाज कशाला?

काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरावी. हात सरळ खाली सोडला की तिची मूठ मनगटाशी यावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. रोज खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल.

पडण्याला फार जपा. खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळ जण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. मोरीतलं शेवाळ खरवडा, संडासात धरायला दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा, मोतीबिंदू काढून घ्या. उठताना चक्कर येत असेल तर चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आपलं खांब मुंबई-गोवा महामार्गावर आहे. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला एकटं सोडू नका.

आणि अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर "वारं गेलं" म्हणून भगताकडे नेऊ नका. तो लकवा आहे. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तडक मोठं इस्पितळ गाठा.

शेवटी एक मागणं. विहाराच्या पायऱ्यांना धरायला लोखंडी कठडा नाही. येत्या बुद्धपौर्णिमेआधी वर्गणी काढून तो बसवू. ज्यांच्या कष्टानं हे विहार उभं राहिलं, त्यांनी दाराबाहेर बसून वंदना ऐकावी, हे आपल्याला शोभत नाही.