ओरिजनल आहे का?



मी माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडचा. भरतीची जाहिरात निघाली की आमच्याकडं ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पोरं मोबाइल पुढं करून म्हणतात, "भाऊ, ह्यातला माझा फोटो कापा." फोटो मामाच्या लग्नातला, शेजारी नवरदेव उभा! बँकेच्या परीक्षेला 200 बाय 230 पिक्सेलचा, 20 ते 50 केबीचा फोटो लागतो. दुकानदार चौकट ओढतो, नवरदेव बाहेर जातो, फॉर्म भरला जातो.

एवढ्या कामाला हे ठीक आहे. पण क्रॉप करणं आणि फोटो लहान करणं यांत लोकांची गल्लत होते. लहान केलेल्या फोटोत माणसं सगळी राहतात. क्रॉपमध्ये कडेचं बहुतेक वेळा कायमचं जातं. 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. लांबी-रुंदी दोन्ही निम्म्यावर आणली की उरतात 30 लाख, म्हणजे चतकोर. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके धरतात. पासपोर्ट फोटोला 413 बाय 531 पिक्सेल पुरतात, पण भिंतीवरच्या 8 बाय 10 इंची फ्रेमला 2400 बाय 3000 लागतात. गर्दीतून कापलेला चेहरा त्या फ्रेमला पुरत नाही.

हे मला आजी गेल्यावर कळलं. तिचा एकच फोटो होता, ऊसतोडीच्या तळावरचा. चुलतभावानं मोबाइलवर काढलेला. आजी अगदी कडेला, मागं कोप्या, मध्ये सगळी टोळी, बैलगाडीवर चुलते. तेराव्याची घाई होती. मी मूळ फोटोवरच आजीपुरती चौकट ओढली आणि 'सेव्ह' दाबलं. फ्रेम तयार झाली, चेहरा धुरकट. त्याचंही काही वाटलं नाही. वर्षश्राद्धाला चुलते म्हणाले, "तळावरचा तो फोटो दाखव रे." तेव्हा पोटात गोळा आला. भावाचा मोबाइल केव्हाच बिघडला होता.

कापलेला भाग राखायची सोय फोटोशॉपमध्ये असते. त्यात 'सी' दाबलं की कापायची चौकट येते. तिथं 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'पुढची खूण काढली आणि फाइल पीएसडीमध्ये ठेवली, तर कापलेला भाग दडून राहतो, परत ओढून आणता येतो. जेपीजीमध्ये सेव्ह केलं की गेला.

वर्डची तऱ्हा उलटी. तिथं क्रॉप केलेल्या चित्राचा कापलेला भाग फाइलमध्येच राहतो, वेगळा पुसावा लागतो. आधारचा नंबर क्रॉप करून वर्डची फाइल पाठवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा. नंबर समोरच्याला उघडून पाहता येतो.

आता माझ्याकडं कुणी फोटो कापायला आणला की मी आधी विचारतो, "ओरिजनल आहे का?" फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे ठिपके गळत नाहीत. त्याची एक कॉपी काढा, चौकट कॉपीवरच ओढा.

आणि तळावरचा तो फोटो काढला त्या हंगामात आमच्या टोळीत जे कुणी होते, त्यांनी आपले जुने मोबाइल एकदा चाळून बघा. बैलगाडीवर बसलेल्या माणसाला तो फोटो अजून हवा आहे.